तिच्या नावावरचा तोटा

काच कापायचा हिरा मध्यावर पोचला होता तेव्हा दार ढकलून तिचा नवरा दुकानात आला. काच कापताना मध्येच थांबता येत नाही. थांबलं की पुढची रेघ भरकटते आणि काच वाटेल तिथे तडकते. म्हणून तिनं मान वर केली नाही. हिरा पट्टीला चिकटवून हात कडेपर्यंत नेला, काच टेबलाच्या धारेवर टेकवली आणि हलकेच दाबली. तुकडा सरळ वेगळा झाला. मग तिनं वर पाहिलं.

तो काउंटरपासून हातभर लांब उभा होता. काउंटरवर काचेचा चुरा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो तिथे कोपर टेकवून बसला होता आणि शर्टाला रक्त लागलं म्हणून आठवडाभर धुसफुसत होता. तेव्हापासून त्यानं या दुकानात कशाला हात म्हणून लावला नाही. लोकांची चित्रं चौकटीत बसवून कुणी श्रीमंत होत नाही, असं तो चारचौघांत हसत हसत सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. लोक फ्रेम करायला टाकायचे, अर्धे पैसे द्यायचे आणि चित्र न्यायला विसरून जायचे. गेली काही वर्षं दुकान तोट्यातच होतं. 'मी पगार कमावतो, बायको तोटा कमावते,' हा त्याचा ठरलेला विनोद. दोन वर्षांपूर्वी तो वेगळा राहायला गेला तेव्हा निदान हा विनोद ऐकावा लागणार नाही, एवढं एक सुख तिच्या वाट्याला आलं.

"फाईल तयार आहे," ती म्हणाली. "तिथे, रंगीत पुठ्ठ्यांच्या खाली."

हे दरवर्षीचं होतं. भांडी वाटून झाली, पुस्तकं वाटून झाली, कपाट कुणी न्यायचं यावरून बोलाचाली झाली आणि शेवटी ते कुणीच नेलं नाही. पण तिच्या आयकराची फाईल करसल्लागाराकडे न्यायची ती त्यानंच, ही रीत मात्र दोघांपैकी कुणी मोडली नाही. करसल्लागाराचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं. ती दुपारी चहाला बाहेर पडली असती तरी जाता जाता देऊन आली असती. पण फाईल न्यायला तो वर्षातून एकदा तरी येतो, हे तिला हवं होतं. तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःशी कबूल करायचीसुद्धा तिला लाज वाटायची.

"राहू दे," तो म्हणाला. "यंदा भरूच नकोस."

मग त्यानं समजावून सांगितलं. समजावण्यात तो पहिल्यापासून हुशार. पंपांच्या कंपनीत तो जो वरच्या हुद्द्यावर पोचला तो याच गुणावर. कायदेमंडळात एक विधेयक आलं होतं. ते मंजूर झालं की नवरा-बायकोला दोघांचं मिळून एकच रिटर्न भरता येणार होतं, आणि एकाचा तोटा दुसऱ्याच्या उत्पन्नातून वजा होणार होता. तेही याच वर्षापासून. तिचा तोटा त्याच्या पगारातून वजा झाला तर त्याचा कर जवळजवळ अर्ध्यावर येत होता. तिनं घाईनं स्वतःचं वेगळं रिटर्न भरलं तर ती एकटी म्हणूनच धरली जाईल आणि मग कायदा येऊनही काही उपयोग नाही. म्हणून कायदा होईपर्यंत थांबायचं. जो काही फायदा होईल त्यातला निम्मा तिला देईन, असंही तो म्हणाला. निम्म्याची गोष्ट तिच्या फारशी कानात शिरली नाही.

"आणि वकिलाकडच्या सह्या?" तिनं विचारलं.

"त्याही थांबवू. कायद्यानं नवरा-बायको असायला नको का?"

ती हातातला हिरा पुसत राहिली. घटस्फोटाचे कागद महिन्याभरापासून वकिलाकडे तयार होते. त्याला वेळ नव्हता, तिला धीर नव्हता, म्हणून सह्या राहिल्या होत्या. आता दोघांनाही कारण मिळालं. सरकारला बायको आठवली की नवऱ्यालाही आठवते, असं तिच्या मनात आलं. तेव्हाच मनाचं ऐकून तिनं फाईल उचलली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिनं दुसरंच विचारलं. दुकानाच्या जागेचा करार संपत आला होता, आणि नवा करार करायचा तर यंदाचं रिटर्न वेळेत भरल्याची पावती दाखवा, अशी जागामालकांची अट होती. इमारतीवर कर्ज होतं, बँक त्यांच्याकडे भाडेकरूंचे कागद मागत होती. शेजारचे चष्मेवाले तर कधीपासून मधली भिंत पाडायला टपून बसले होते. पावती नसेल तर दुकान हातचं जाईल, हे तिनं त्याला अगदी स्पष्ट सांगितलं.

"मालकांशी मी बोलतो," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

काळजी करू नकोस. हे शब्द त्याच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना.

त्यानंतर तो येऊ लागला. आधी विधेयकाची बातमी सांगायला. फोनवरही सांगता आली असती, पण तो यायचा. ऑफिस सुटल्यावर, येताना कधी पेपरातलं कात्रण घेऊन, कधी नुसताच. कोणत्या सभासदानं काय विचारलं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, अधिवेशन किती दिवस चालेल, हे तो इतक्या उत्साहानं सांगायचा की जणू दोघांच्या घराचा नकाशाच तिकडे मंजूर व्हायचा होता. तिला त्या चर्चेतलं निम्मं कळायचं नाही. ती फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे जुळवत ऐकायची आणि मधूनमधून हं म्हणायची.

एकदा दाराचं शटर अडकलं तर त्यानं कोट काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि तेल घालून ते सरळ केलं. दुसऱ्या वेळी मोठ्या आरशाची फ्रेम एकटीला पेलत नव्हती, तर त्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. तिनं खिळे मारेपर्यंत तो श्वास रोखून उभा होता.

"असं करतेस होय तू," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती खिळ्यांची डबी शोधायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेली.

तिनं दुसरा कप आणला. मागच्या खोलीत धूळ खात पडलेली खुर्ची पुसून काउंटरजवळ ठेवली. आणि तो यायच्या वेळेला ती काउंटरवरचा काचेचा चुरा ओल्या फडक्यानं पुसू लागली. आधी एकदा, मग फडकं पिळून पुन्हा एकदा, मग वरून तळहात फिरवून. तो आता बिनधास्त कोपर टेकवून बसायचा. आपण हे का करतो आहोत ते तिला नीट ठाऊक होतं. तो परत यावा असं तिला वाटत होतं. कशासाठी का येईना, यावा. माणसाला एकदा यायची सवय लागली की कारण संपलं तरी पाय तिकडे वळतात, असा तिचा हिशेब होता. तोट्याच्या धंद्यातल्या बाईचा हिशेब, तो कितीसा बरोबर असणार.

मोठ्या बहिणीला तिनं हे फोनवर सांगितलं.

"बायकोचा तोटा पाहून परत आलेला नवरा मी पहिल्यांदाच बघतेय बाई," ताई म्हणाली.

दोघी खूप हसल्या. हसणं ओसरल्यावर ताईनं विचारलं, की मालकांशी तो बोलला का. बोलतो म्हणालाय, असं तिनं सांगितलं. ताईनं विषय बदलला.

तिकडे सगळ्या शहराचंच डोकं फिरलं होतं. करसल्लागाराला सगळे मुदतकाका म्हणायचे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य मुदतीवर येऊन थांबायचं. मुदतकाकांच्या जिन्यावर रोज रांग. नव्या कायद्यात काही सवलती जाणार होत्या, काही येणार होत्या. ज्यांच्या जाणार होत्या ते धावत येऊन भरत होते आणि ज्यांच्या येणार होत्या ते कागद छातीशी धरून थांबले होते. एक जण तर सकाळी भरायला म्हणून आला आणि दुपारी थांबतो म्हणून परत गेला. एकमेकांचं तोंड न पाहणारी नवरा-बायको एका बाकावर बसून एकत्र रिटर्नची चौकशी करत होती. एका मुलीचं लग्न म्हणे वर्ष संपायच्या आत नोंदवून घेतलं, जावयाच्या धंद्यात भरपूर तोटा आहे म्हणून. या गोष्टी तिला गिऱ्हाइकं सांगायची, आणि ती चित्राभोवती लावायच्या माउंटच्या कागदाचा रंग दाखवत ऐकायची. आपण त्यांच्यातले नाही, असं तिला वाटायचं.

शेवटच्या दिवशी मात्र तिला राहवेना. विधेयक अजून चर्चेतच होतं. तिनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, फाईल काखेत मारली आणि दोन गल्ल्या ओलांडून मुदतकाकांच्या जिन्याशी जाऊन उभी राहिली. जिना माणसांनी भरला होता. वरून मुदतकाकांचा बसलेला आवाज येत होता. एक पायरी चढून तिनं नवऱ्याला फोन लावला. भरून टाकते, म्हणाली. जागेचं काही खरं नाही, मला भीती वाटते.

"अगं, मुदत वाढणारच आहे," तो म्हणाला. "सगळे तेच सांगतायत. आता भरलंस तर इतके दिवस थांबलो ते सगळं पाण्यात. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

ती पायरी उतरली. मागचा माणूस लगेच तिच्या जागी सरकला. दुकानात परत येऊन तिनं फाईल पुन्हा रंगीत पुठ्ठ्यांखाली ठेवली. संध्याकाळी तो आला, तेव्हा चहात तिनं त्याला लागते तेवढी जास्त साखर घातली होती. भरवशाबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही, आणि तिला ते बरं वाटलं.

मुदत वाढली नाही.

जागामालक सज्जन गृहस्थ होते, म्हणून त्यांनी निरोप पाठवला नाही, स्वतः आले. उभ्यानंच बोलले. पावती नाही म्हटल्यावर माझाही नाइलाज आहे, बँकेपुढे माझं काही चालत नाही, चष्मेवाल्यांनी सगळे कागद आधीच आणून दिले आहेत, महिनाअखेरीला जागा मोकळी करून द्या, असं म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की माझे मिस्टर तुमच्याशी बोलले असतील ना.

"तुमचे मिस्टर?" मालकांनी आठवून पाहिलं. "नाही हो. मला तर कुणीच भेटलं नाही."

त्यांना वाईट वाटलं असावं. जाताना त्यांनी भिंतीवरच्या एका चित्राची किंमत विचारली. ते चित्र कुणीतरी न्यायला विसरलेलं होतं. विकायचं नाही, असं तिनं सांगितलं.

नवऱ्याला तिनं फोन केला. अरे हो, राहून गेलं, असं तो म्हणाला. कामाचा इतका ताण आहे. आता बोललं तर काही उपयोग होईल का, असं त्यानंच तिला विचारलं, आणि तिनंच, नाही होणार, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. शब्द देऊन विसरणं हा त्याचा स्वभाव तिला नवा नव्हता. त्याच स्वभावावर ती आपलं दुकान टांगून बसली होती.

आठवडाभरानं विधेयक अभ्यासासाठी समितीकडे गेलं. अधिवेशन संपलं. नवऱ्याचं येणं त्याच्या दोन दिवस आधीच थांबलं होतं. काउंटर ती सवयीनं पुसत राहिली, मग एके दिवशी तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं फडकं खिळ्याला अडकवून टाकलं.

दंड भरून उशिरा का होईना, रिटर्न भरायला हवं होतं. फाईल घेऊन ती मुदतकाकांकडे गेली. जिना रिकामा होता. मुदतकाका एकटेच बसून गार झालेला चहा पीत होते. त्यांनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुमचा तोटा गेला बरं का आता," ते म्हणाले. "वेळेत भरलं असतं तर पुढच्या वर्षांसाठी तुमच्या नावावर जमा राहिला असता. पुढे कधी चार पैसे मिळाले असते तेव्हा त्यातून वजा करता आला असता. उशीर झाला की तो हक्क जातो."

तिनं विचारलं, की पण वेळेत भरलं असतं तर एकत्र कसं भरता आलं असतं. आधी भरलं की एकटीचंच धरतात ना.

"कोण म्हणतं? दुरुस्त करता येतं की. आज भरा, उद्या कायदा आला की दोघांचं मिळून दुरुस्त रिटर्न द्या. सगळ्यांना मी हेच सांगितलं. भरून ठेवा आणि मग वाट बघा. तुमच्या मिस्टरांनी तसंच केलंय. त्यांचं तर मी पहिल्याच आठवड्यात भरून टाकलं."

ती खुर्चीवर बसली. आतापर्यंत उभीच होती.

"पहिल्याच आठवड्यात," ती म्हणाली.

मुदतकाकांना आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे उमगलं. ते फाईलची नाडी सोडत आणि बांधत राहिले. इतकी वर्षं तुमच्या वतीनं तेच येतात, तुम्हाला ठाऊकच असेल असं मी धरून चाललो, असं त्यांनी सांगून पाहिलं. मी त्यांना विचारलं होतं, की मॅडमचंही भरून ठेवू या का. ते नको म्हणाले.

"का नको म्हणाले?"

मुदतकाकांनी गार चहाचा घोट घेतला. माणूस वाईट नव्हता, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"एकदा तोटा तुमच्या नावावर नोंदला गेला असता, तर तो त्यांना द्यायचा की स्वतःसाठी ठेवायचा, हे तुमच्या हातात राहिलं असतं," ते म्हणाले. "ऐन वेळी तुम्ही नाही म्हणालात तर, असं त्यांना वाटत होतं."

तिनं सही करायच्या जागा विचारल्या आणि तिथे तिथे सह्या केल्या. परत जाताना जिन्यात ती त्याच पायरीवर क्षणभर थांबली. शेवटच्या दिवशी ती इथे उभी होती. आणखी थोडं वर चढून नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण विचारायचं काम त्याचं होतं, फाईल न्यायचं काम त्याचं होतं, आणि तिनं ते त्याच्याकडे हौसेनं ठेवलं होतं. आपलं दुकान आपण चहाच्या दोन कपांपायी घालवलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. हे तिनं मोठ्यानं म्हटलं असावं, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून पाहिलं.

त्या महिन्यात तिनं दुकान आवरलं. न नेलेल्या चित्रांच्या मालकांना फोन केले. काही आले, काहींनी नंबर बदलले होते, एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की ज्याचं चित्र होतं तो माणूस आता नाही, तुम्हीच ठेवा. पट्ट्या ओळखीच्या सुतारानं नेल्या. मोठ्या रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानात फ्रेमिंगचं काउंटर होतं, तिथे तिला नोकरी लागली. पगार बरा होता. काच तिथे यंत्रावर कापायचे. हिरा लागणार नाही, असं तिथल्या मॅनेजरनं सांगितलं, तरी तिनं तो पर्समध्ये टाकून ठेवला.

शेवटच्या दिवशी ती उरलेल्या काचेचे तुकडे काउंटरवर जुन्या कागदांत गुंडाळत होती, तेव्हा तो आला. तोच कोट. दारातच थांबून त्यानं रिकाम्या भिंतींवरून नजर फिरवली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "चांगली जागा होती."

तिनं मान हलवली. खुर्ची गेली होती, म्हणून त्याला बस म्हणता आलं नाही. बोलता बोलता तो काउंटरजवळ सरकला. समितीचं काम झपाट्यानं चाललंय, तो म्हणाला. पुढच्या अधिवेशनात नक्की, म्हणजे यंदाचं हुकलं तरी पुढच्या वर्षाला लागू होणारच. आपण उगाच घाई करून सह्या करून टाकायला नकोत. आणखी एक वर्ष जाऊ दे. एवीतेवी दोन वर्षं गेलीच आहेत. तो परत उत्साहात आला होता, आणि तो उत्साह पाहताना तिला शटर सरळ करणारा, आरशाचं टोक धरून श्वास रोखणारा माणूस दिसला. तिला त्याची चीड आली. आपल्याला अजूनही तो दिसतो, याची त्याहून जास्त आली.

"तू तुझं रिटर्न कधी भरलंस?" तिनं विचारलं.

"माझं? भरलं की मागेच. का गं?"

"सहज."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं एक तुकडा कागदात गुंडाळला, दोरी बांधली आणि बाजूला ठेवला. तो घसा खाकरून पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. पुढच्या वर्षी अंदाजे किती होईल, त्यानं विचारलं. तोटा.

"होणार नाही," ती म्हणाली. "दुकान नाही तर तोटा कसला. मला नोकरी लागली आहे. पगार आहे."

"चांगला आहे?"

"बरा आहे."

तो मनात हिशेब करू लागला. आकडेमोड करताना त्याचे ओठ किंचित हलायचे, ही त्याची जुनी सवय. लग्नाआधी तिला ती आवडायची. आता ती त्या ओठांकडे टक लावून पाहत राहिली. दोन पगार, एक रिटर्न. त्याच्या पगारावर तिचा पगार चढला की कर कमी व्हायच्या ऐवजी वाढणार. एवढं तर तिलाही कळत होतं. तरी तिनं काम थांबवलं आणि हात पुढ्यात ठेवून ती वाट पाहू लागली. एवढ्या सगळ्यानंतरही वाट पाहू लागली, हे तिच्या लक्षात आलं. तो दुसरं काहीतरी म्हणेल, काहीही म्हणेल, नव्या नोकरीचं अभिनंदन म्हणेल.

ओठ थांबले.

"मग आता थांबण्यात तसा काही अर्थ नाही," तो म्हणाला.

"नाही."

"कागद गाडीतच आहेत. घेऊन येतो? आजच उरकून टाकू."

दोन्ही तयारी करून आला होता. पहिल्या आठवड्यात भरून ठेवायचं आणि मग वाट बघायची.

"आण," ती म्हणाली.

तो बाहेर गेला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. काउंटरवर दिवसभराचा चुरा पसरला होता, बारीक, उजेडात नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही इतका. तिनं सवयीनं खिळ्यावरचं फडकं काढलं, नळाखाली ओलं केलं आणि पिळलं. त्याच्या बुटांचा आवाज जवळ आला. मग तिनं फडकं पुन्हा खिळ्याला अडकवलं, त्याच्यासाठी पेन शोधलं आणि काउंटरच्या तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.